राजवाडा भाड्याने देणे आहे

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, शेतीचं अर्थकारण, राज्यघटना अशा भारदस्त विषयांवर व्याख्यानं झाली. त्या पंक्तीत मी ‘आलिशान हॉटेलांचा इतिहास’ हा विषय कळवला तेव्हा फोनवर पलीकडे थोडी शांतता पसरली. मग आयोजकांनी अत्यंत सौजन्याने विचारलं, “म्हणजे प्रवासवर्णन का?” प्रवासवर्णन नाही. ज्या हॉटेलांची नावं आज घेणार आहे त्यांतल्या बहुतेकांत एक रात्र काढायची माझी ऐपत नाही. पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो त्या गुरुजींनी आयुष्यभर रात्रशाळा चालवली, आणि त्यांच्या वर्गात दिवसभर हॉटेलांत बश्या विसळून आलेली मुलं बसत. त्या मुलांच्या बाजूने हा इतिहास सांगता येतो का, एवढंच पाहायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे न पटणाऱ्यांना पुढचा तासभर मनातल्या मनात वाद घालता येईल. आलिशान हॉटेल ही राजवाडा भाड्याने देण्याची कल्पना आहे. राजा दर रात्री नवा. पैसे भरले की गादीवर, सकाळी हिशेब चुकता केला की पायउतार. नोकरवर्ग मात्र कायमचा, आणि तो दिसायचा नाही. झुंबरं, गालिचे, संगमरवर यांच्यावर पुष्कळ पुस्तकं निघाली आहेत. मला त्यापेक्षा नळ, दारं आणि जिने यांत जास्त इतिहास दिसतो.

सुरुवात बॉस्टनपासून करू. १८२९ साली तिथे ट्रेमाँट हाउस नावाचं हॉटेल उघडलं. आयझाया रॉजर्स हा त्याचा तरुण वास्तुविशारद. १७० खोल्या. तोपर्यंत अमेरिकेत काय किंवा युरोपात काय, प्रवासी सरायवजा खाणावळीत उतरे आणि कित्येकदा अनोळखी माणसाशी खोलीच नव्हे तर अंथरूणही वाटून घेई. ट्रेमाँटमध्ये पाहुण्याला स्वतःची खोली मिळाली, तिला कुलूप मिळालं, कुलपाची किल्ली मिळाली. खोलीत पाण्याचं भांडं, तस्त आणि साबणाची वडी, तीही फुकट. तळमजल्यावर पाण्याचे आठ शौचकूप. आज धर्मशाळेतही याहून अधिक मिळतं, पण त्या काळी हे ऐश्वर्य होतं. १८३० मध्ये या इमारतीचे नकाशे पुस्तकरूपाने छापले गेले आणि अमेरिकेतल्या गावोगावच्या व्यापाऱ्यांनी ते समोर ठेवून हॉटेलं बांधली. रॉजर्सला न्यूयॉर्कहून बोलावणं आलं आणि १८३६ मध्ये ॲस्टर हाउस उभं राहिलं.

अमेरिकेतच का? युरोपातला सरदार परगावी गेला तर कुणा नातलगाच्या गढीत उतरे, त्याला हॉटेलाची गरज नव्हती. अमेरिकेत राजाही नव्हता आणि गढ्याही नव्हत्या. होते ते व्यापारी. त्यांनी भांडवल जमवून आपल्यासाठी राजवाडे बांधले आणि खर्च निघावा म्हणून ते भाड्याने दिले. पुढे आगगाडी आली, जागतिक प्रदर्शनं भरू लागली आणि पॅरिसलाही तीच गरज भासली. १८५५ च्या प्रदर्शनासाठी ओतेल द्यु लूव्ह्र आणि १८६२ मध्ये ग्राँ ओतेल, दोन्हींच्या मागे पेरेर बंधू होते. हे बंधू सावकारीतले आणि रेल्वेतले. स्टेशनात उतरलेल्या श्रीमंताला रात्री कुठे पाठवायचं, हा त्यांच्या धंद्याचाच प्रश्न होता.

पण इमारत बांधली म्हणजे राजवाडा होत नाही. तो राजवाडा वाटायला लागतो, आणि हे वाटायला लावण्याचं शास्त्र ज्याने रचलं त्याच्यापाशी थोडं थांबतो.

सेझार रिट्झ. १८५० साली स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागातल्या नीडरवाल्ड या डोंगराळ खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तेरावं अपत्य. ब्रिग गावच्या एका हॉटेलात दारू वाढण्याचं काम शिकायला ठेवला, तिथून काढून टाकला. या धंद्याला लागणारी उपजत जाण तुझ्यात नाही, असं मालकाने सुनावल्याचं त्याच्या बायकोने लिहिलेल्या चरित्रात आहे. बायकोने लिहिलेलं चरित्र आहे, तेव्हा चवीपुरतं मीठ गृहीत धरा. १८६७ च्या प्रदर्शनाच्या सुमारास पोरगा पॅरिसला पोचला. सामान वाहिलं, बूट पुसले, टेबलं लावली. टेबलापाशी उभं राहता राहता तो एक गोष्ट शिकला: श्रीमंत माणूस मागतो ते देणं ही नुसती चाकरी, तो मागायच्या आत देणं ही कला, आणि तिचा भाव वेगळा.

त्याच चरित्रातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रिगी पर्वतावरच्या हॉटेलात तो व्यवस्थापक असताना ऐन थंडीत इमारत तापवणारी यंत्रणा बंद पडली आणि त्याच दिवशी चाळीस अमेरिकन जेवायला यायचे होते. रिट्झने मोठं दालन सोडून लहान, तांबड्या पडद्यांच्या खोलीत पानं मांडली, झाडांच्या मोठ्या तांब्याच्या कुंड्यांत स्पिरिट पेटवलं, भट्टीत विटा तापवून फ्लॅनेलमध्ये गुंडाळल्या आणि प्रत्येकाच्या पायांखाली एकेक ठेवली. पाहुणे आले, तांबडा उजेड पाहूनच अर्धी थंडी विसरले. विटा कुणी उचलल्या, फडक्यात कुणी गुंडाळल्या, चाळीस जणांच्या पायांशी वाकून कुणी ठेवल्या, याचा पत्ता चरित्रात नाही. मी तो शोधत होतो.

लंडनमध्ये ६ ऑगस्ट १८८९ रोजी सॅव्हॉय उघडलं. मालक रिचर्ड डॉयली कार्ट. मूळचा नाटक कंपनीचा माणूस, गिल्बर्ट-सुलिव्हन जोडीच्या संगीतिकांवर त्याने पैसा केला होता आणि अमेरिकेत फिरून तिथली हॉटेलं पाहिली होती. सॅव्हॉयमध्ये विजेचे दिवे, विजेवर चालणारे पाळणे (म्हणजे लिफ्ट), स्वतःची विहीर आणि न्हाणीघरं भरपूर. इतकी, की कंत्राटदाराने, तुमची गिऱ्हाइकं बेडकासारखी पाण्यातही राहणारी आहेत की काय, असं विचारल्याची गोष्ट सांगतात. कंत्राटदाराचंही चूक नव्हतं. शेकडो पाहुण्यांच्या हॉटेलात चार न्हाणीघरं ही तेव्हाची सभ्य लंडनची रीत होती.

डॉयली कार्टने रिट्झला बोलावून घेतलं आणि रिट्झने ऑगस्त एस्कोफिएला. एस्कोफिए १८७० च्या युद्धात फ्रेंच फौजेचा आचारी होता. त्याने भटारखान्याला फौजेची शिस्त लावली: एक तुकडी रश्श्यांची, एक भाजण्याची, एक थंड पदार्थांची, एक गोडाची. पूर्वी एक आचारी एक पदार्थ आरंभापासून शेवटपर्यंत करी. आता पदार्थ हातोहात पुढे सरकू लागला आणि गरम गरम टेबलावर पोचू लागला. कारखान्याची कामाची वाटणी स्वयंपाकात आली ती अशी. भटारखान्यात दारू प्यायला त्याने बंदी केली, आरडाओरड कमी केली. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं, कारण त्या आधीचे भटारखाने म्हणजे धुराने भरलेली तळघरं होती आणि त्यांत माणसं चाळिशीतच संपत.

आणि एक सामाजिक क्रांती, जिचा उल्लेख सहसा पाककृतींच्या खाली दबून जातो. रिट्झच्या आधी लंडनमधली कुलीन बाई सार्वजनिक ठिकाणी जेवायला जात नसे. जाणं म्हणजे बदनामी. रिट्झने लेडी डी ग्रेसारख्या समाजात वजन असलेल्या बायकांना राजी केलं, रात्रीच्या जेवणाला पोशाखाचा दंडक घातला, एकट्या बाईला प्रवेश नाकारला आणि त्या अटींवर जेवणाचं दालन इभ्रतीचं ठिकाण केलं. मुभा दिली ती मोजून मापून. तरीही बायका बाहेर पडल्या त्या पडल्याच.

मग मार्च १८९८ मध्ये दोघांनाही सॅव्हॉयमधून तडकाफडकी काढलं. कारण बाहेर फुटू दिलं नाही. लंडनच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या भटारखान्यातल्या आचाऱ्यांनी सुऱ्या उपसल्याच्या आणि पोलीस बोलवावे लागल्याच्या. खरी कागदपत्रं १९८० च्या दशकात उघड झाली. ३,४०० पौंडांच्या दारूचा हिशेब लागत नव्हता. १९०० साली दोघांनी कबुलीजबाबावर सह्या केल्या होत्या. एस्कोफिएने माल पुरवणाऱ्यांकडून दलाली घेतल्याचं मान्य केलं आणि ८,००० पौंडांच्या बदल्यात ५०० पौंड भरून सुटका करून घेतली. सद्गुणांचा पुतळा म्हणून ज्याचं चित्र आचारी मंडळी भिंतीवर लावतात त्या माणसाची ही बाजू सांगताना मला आनंद होत नाही, पण आश्चर्यही वाटत नाही. रोज रात्री दुसऱ्यांच्या हातून पैसा उधळलेला पाहायचा आणि आपण पगारावर राहायचं, यात माणूस कुठे घसरतो ते सांगायला नको.

रिट्झ थांबला नाही. १ जून १८९८ रोजी पॅरिसच्या प्लास व्हाँदोमवर त्याच्या नावाचं हॉटेल उघडलं. इथे त्याचं शास्त्र पुरतं पाहायला मिळतं. क्षयाची भीती घराघरांत होती, म्हणून धूळ धरणारे कागद भिंतींवर नकोत, रंग हवा, धुता येणारा. लाकडी पलंग नकोत, पितळी हवेत. जड मखमल नको. खोलीला लागून न्हाणीघर. दिव्यांच्या छटा ठरवायला त्याने बायकोला तासन्‌तास बसवून तिच्या चेहऱ्यावर निरनिराळे रंग पाडून पाहिले आणि शेवटी जर्दाळूच्या फिकट रंगावर बोट ठेवलं, कारण त्या उजेडात कुठल्याही वयाची बाई बरी दिसते. दर्शनी दालन त्याने मुद्दाम लहान ठेवलं. रिकामटेकड्यांनी येऊन बसू नये. म्हणजे रोगजंतू आणि बिनपैशाची माणसं, दोन्ही बाहेर.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनच्या कार्लटन हॉटेलात त्याने मोठी तयारी केली होती. समारंभाच्या दोनच दिवस आधी राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि सगळं पुढे ढकललं गेलं. रिट्झ कोसळला. १९०६ मध्ये लंडनचं रिट्झ उघडलं तोवर तो मनाने कशातच नव्हता. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयात वारला. आज त्याचं आडनाव इंग्रजी शब्दकोशात विशेषण होऊन बसलं आहे.

अशा हॉटेलांतल्या दालनांची मागची बाजू पाहायची तर रिट्झचं चरित्र उपयोगाचं नाही. त्यासाठी जॉर्ज ऑर्वेलचं ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ हे १९३३ चं पुस्तक काढावं. १९२९ च्या सुमारास तो पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासत होता. त्याने वर्णन केलेल्या तळघरात माणूस वाकूनच चालू शकतो इतकं छत बुटकं, उष्मा असह्य, जमिनीवर साबणाचं पाणी आणि भाज्यांचे देठ. आणि दुपदरी दार ढकललं की पलीकडे आरसे, पांढरं कापड, मंद आवाज. वेटर दार ओलांडताना चेहरा कसा बदलतो, हे त्याने नेमकं टिपलं आहे. हॉटेलांवर मी वाचलेल्या पुस्तकांत दोनशे रंगीत छायाचित्रांच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा हे दार मला जास्त शिकवून गेलं.

आता मुंबईकडे येऊ. नाही, घरची ओढ म्हणून नव्हे. दार कुणासाठी उघडतं आणि कुणासाठी नाही, हा प्रश्न इथे जितका उघडावाघडा दिसतो तितका पॅरिसात दिसत नाही.

काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची पडायला आलेली इमारत आहे. आपण बसमधून जाताना ती पाहतो आणि विसरतो. हे एके काळचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात बांधलेलं, बिडाचा सगळा सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडलेला. ते युरोपियनांसाठीच होतं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला तो इथे, एक रुपया तिकीट लावून. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथे हिंदी प्रेक्षकांनी गर्दी केली. त्या सुमारास मुंबईत हे नवल पाहिलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा होते. सावेदादांनी पुढे विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची एक कुस्ती त्यावर उतरवली.

वॉटसनमध्ये जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवलं आणि त्या अपमानाच्या पोटी ताज उभं राहिलं, ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहे आणि मलाही. एका द्वारपालावर रागावून कुणी एवढा पैसा ओतत नाही, निदान जमशेटजींसारखा हिशेबी माणूस तरी. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा मुंबईतून माणसं लोंढ्याने बाहेर पडली, व्यापार बसला, शहराची पत गेली. ती पत परत आणायची तर परदेशी व्यापारी येऊन उतरेल असं ठिकाण हवं, हे कारण मला अधिक पटतं. शिवाय हे त्यांनी कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या पैशाने केलं. एकीकडे विज्ञानसंस्था, एकीकडे पोलादाचा कारखाना, आणि आता म्हणे भटारखाना काढणार, असं म्हणून बहिणी चिडल्याची आठवण टाटांच्या घराण्यात सांगितली जाते.

१६ डिसेंबर १९०३ ला ताज उघडलं तेव्हा एकच बाजू पुरी झाली होती, घुमट व्हायचा होता आणि पहिले पाहुणे सतरा. विजेचे दिवे, जर्मन पाळणे, अमेरिकन पंखे, तुर्की हमाम. पुढच्या मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. समोरचं गेटवे ऑफ इंडिया उभं राहायला १९२४ उजाडलं, म्हणजे बोटीतून येणाऱ्याला दोन दशकं मुंबईची ओळख हॉटेलाने करून दिली, सरकारी कमानीने नव्हे.

आणि हे बांधलं कुणी? विचारून पाहा. दहातले आठ जण एक गोष्ट सांगतील: गोऱ्या वास्तुविशारदाने नकाशा विलायतेहून पाठवला, इथल्या लोकांनी इमारत उलटी बांधली, पाठ समुद्राकडे आणि तोंड शहराकडे, तो आला, पाहिलं आणि त्याने जीव दिला. या गोष्टीत एक अक्षर खरं नाही. ताजचे मूळ आराखडे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य हे फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या हाताखाली व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर होते. बोरीबंदरच्या घुमटाखाली शिकलेला माणूस. बग्ग्या शहराच्या बाजूने याव्यात आणि समुद्राची बाजू खोल्यांना मिळावी, हा विचार करून प्रवेशद्वार मागे ठेवलं होतं. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते तडीस नेलं. मधला तो अधांतरी वाटणारा जिना कंत्राटदार सोराबजी रतनजी यांची करामत.

म्हणजे पाहा, एका मराठी माणसाने आखलेल्या इमारतीबद्दल आपण शतकभर सांगत आलो ती गोष्ट काय, तर गोरा साहेब हुशार आणि इथले कारागीर वेंधळे. गोऱ्याला बिचाऱ्याला समुद्रात किंवा गच्चीवरून ढकलायलाही आपण कमी केलं नाही, पण वैद्यांचं नाव काही कुणाच्या ओठांवर आलं नाही. यात इंग्रजांचा दोष नाही. ही आपल्याच तोंडची गोष्ट आहे.

ताजच्या मागच्या बाजूला गोवा होता. भटारखान्यात आणि वाद्यवृंदात. मिगेल आर्कांजो मास्कारेन्यश, सगळे त्यांना मास्सी म्हणत, पोरवयात भांडी घासायला आले आणि ताजचे पहिले हिंदी मुख्य शेफ झाले. वाद्यांचं तर विचारू नका. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन ताजमध्ये आला, मग टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. त्यांच्या देशात त्यांना पुढच्या दाराने हॉटेलात घेतलं नसतं. इथे ते रंगमंचावर होते आणि खाली साहेब, संस्थानिक आणि पारशी शेटजी नाचत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी जॅझ उचललं. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मुलं, त्यांना कागद वाचता येई; कागदावर नसलेलं वाजवायला ती या अमेरिकनांकडे शिकली.

त्यांतला एक हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ. ट्रम्पेट वाजवी आणि ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखला जाई. चाळीसच्या दशकात त्याचा ताफा ताजमध्ये होता. रात्री तिथे वाजवायचं आणि दिवसा दादर-ताडदेवच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण. स्टुडिओत त्याचा हात धरला पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात त्या गाण्यांत जो ट्रम्पेट खणखणतो तो ताजच्या नाचघरातून आलेला आहे, चिक आणि त्याचा ताफा पडद्यावरही दिसतो. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला ताजची पायरी कधी चढता आली नाही, पण ताजमध्ये काय वाजतं ते त्याने चार आण्यांत ऐकलं, शिट्ट्या मारून ऐकलं आणि गणपतीच्या मेळ्यात वाजवलंही. हे मागच्या दाराने बाहेर आलेलं ऐश्वर्य. या विषयावर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ आहे. ते मराठीत यायला हवं.

पुढचा भाग भराभर घेतो. अमेरिकेत एल्सवर्थ स्टॅटलरने १९०८ मध्ये बफेलो शहरात प्रत्येक खोलीला न्हाणीघर असलेलं हॉटेल काढलं, भाडं दीड डॉलर. युक्ती साधी: दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधायची आणि सगळ्या मजल्यांचे नळ एकाच उभ्या पोकळीतून न्यायचे. रिट्झचं ऐश्वर्य फिरत्या विक्रेत्याच्या आवाक्यात आलं ते या पोकळीमुळे. कॉनरॅड हिल्टनने १९४९ मध्ये प्वेर्तो रिकोत आणि १९५५ मध्ये इस्तंबूलमध्ये हॉटेलं काढली, आणि जगात कुठेही तीच खोली, तोच बर्फाचा गारवा, तोच दिवा मिळू लागला. सोय झाली, यात वाद नाही. पण इस्तंबूलमध्ये जागं झाल्यावर आपण इस्तंबूलमध्ये आहोत हे खिडकीत जाऊन पाहावं लागणं, याला मी प्रगती म्हणायला तयार नाही.

आपल्याकडे मोहनसिंग ओबेरॉय १९२२ मध्ये सिमल्याच्या सेसिल हॉटेलात पन्नास रुपयांवर कारकून म्हणून लागले. १९३४ मध्ये त्यांनी क्लार्क्स घेतलं, त्यासाठी बायकोचे दागिने गेले. पुढे कलकत्त्याचं ग्रँड त्यांच्या हाती आलं ते बंद पडलेल्या अवस्थेत: साथीत माणसं दगावली होती आणि बोट होतं सांडपाण्याच्या नळांकडे. पाचशे खोल्यांच्या वास्तूचं दिवाळं काढायला एक फुटका नळ पुरतो. ओबेरॉयनी आधी गटारं दुरुस्त केली, मग झुंबरं पुसली. मघाशी मी नळांचा इतिहास म्हणालो तो हा.

स्वातंत्र्यानंतर खरोखरचे राजवाडेच भाड्याने निघाले. जयपूरच्या सवाई मानसिंगांनी १९५७ मध्ये रामबागचं हॉटेल केलं. महाराणी गायत्रीदेवींना ते मुळीच रुचलं नव्हतं, त्यांनी आत्मचरित्रात तसं लिहिलं आहे. उदयपूरचा जगनिवास साठच्या दशकात गेला. १९७१ मध्ये तनखे बंद झाले तेव्हा मागे राहिलेल्यांनाही दुसरा मार्ग उरला नाही. आपल्याकडे कोल्हापुरात रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस काही काळ हॉटेल होता. राजाने स्वतःच्या घरातली खोली किल्लीसकट अनोळखी माणसाला द्यावी, इथे ट्रेमाँट हाउसचं चाक पुरतं उलटं फिरलं.

या सगळ्याला माणसं लागतात आणि ती शिकवावी लागतात. जगातली पहिली हॉटेलशाळा १८९३ मध्ये लोझानला निघाली. आपल्याकडे १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत निघाली, तीच ‘दादर केटरिंग’ म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मध्यमवर्गीय मराठी घरात मुलगा ‘हॉटेलात’ जातो म्हटल्यावर तोंडं वाकडी होत, ती हळूहळू सरळ झाली. विठ्ठल कामत ‘सत्कार’ उपाहारगृहाच्या इडलीपासून निघून १९९७ मध्ये विमानतळाशेजारी पंचतारांकित ऑर्किडपर्यंत पोचले; ती वाटचाल त्यांनी मराठीत लिहिली आहे आणि घरोघर वाचली गेली आहे.

शेवटी २६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. त्या तीन दिवसांत काय घडलं ते आपण दूरदर्शन संचासमोर बसून पाहिलं, ते पुन्हा सांगत नाही. ताजमध्ये तीसहून अधिक माणसं मेली आणि त्यांत कर्मचारी मोठ्या संख्येने होते, विशेषतः भटारखान्यातले. पाहुण्यांच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून बांधलेले जिने, बोळ, भटारखान्याची मागची दारं: कर्मचाऱ्यांनी लोकांना या वाटांनी हलवलं, कडं करून पुढे काढलं. काही वाटा उपयोगी पडल्या, काहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ताजची मूळ बाजू १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली.

कर्मचाऱ्यांच्या या वागण्यावर हार्वर्डच्या व्यवस्थापनशास्त्रातल्या लोकांनी अभ्यास केला. निष्कर्ष असा की ताज माणसं लहान गावांतून निवडतं, गुणांपेक्षा स्वभाव पाहतं, प्रशिक्षण जास्त काळ देतं. असेल. मला मात्र हे स्पष्टीकरण मालकाच्या खुर्चीतून केलेलं वाटतं. माणसं चांगली निवडली म्हणून ती धावून गेली, यात श्रेय पुन्हा निवडणाऱ्याकडेच जातं. रोज ज्या बोळातून ताटं वाहिली तो बोळ अंधारातही पायांना ठाऊक होता आणि ही माहिती इमारतीत दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, हे त्या अभ्यासात नीटसं येत नाही. शौर्य होतंच, पण त्या शौर्याला कामाचं ज्ञान होतं.

हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही. हॉटेलांच्या गौरवग्रंथांत कोणता राजा, कोणती नटी, कोणता राष्ट्राध्यक्ष कुठल्या खोलीत उतरला याच्या याद्या असतात. हजेरीपट कुणी छापत नाही. इथे बरेच तरुण अभ्यासक बसलेले दिसतात, त्यांच्यापुढे एक काम ठेवतो. दादर केटरिंगच्या पहिल्या तुकड्यांतली माणसं, नाचघरांत वाजवलेले गोव्याचे म्हातारे, साठ-सत्तरच्या दशकात कोकणातून येऊन मोठ्या हॉटेलांच्या धुलाईखात्यात आणि भटारखान्यात लागलेले कामगार यांच्या मुलाखती घ्यायला लागा. कामाचे तास किती, पगार किती, राहायला कुठे, जेवण कोणतं, युनियन होती का, मागचा जिना कुठून कुठे जायचा, असे साधे प्रश्न विचारा. यांतली बहुतेक माणसं ऐंशीच्या पुढची आहेत, तेव्हा अनुदान मंजूर होण्याची वाट पाहू नका. ध्वनिमुद्रणाला खिशातला फोन पुरतो. वाचनालयाने टंकलेखनाचा भार उचलला तर पहिल्या दहा मुलाखतींचं संपादन मी करून देईन, असं मी अध्यक्षांना व्याख्यानाआधीच सांगितलं आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.